दाराखाली लावलेला टॉवेल

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आमचा पोपट आजीच्या धुपाने गेला. माझ्या नवऱ्याला माहीत आहे, मुलीला माहीत आहे, सांगलीच्या नणंदेला माहीत आहे, इथल्या आमच्या चार मराठी घरांना माहीत आहे. आणि खुद्द आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळ्यांत पक्कं माहीत आहे. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे आजपर्यंत एकट्या मला माहीत होतं — आता तुम्हालाही.

थांबा, एकदम नाही सांगता येणार मला. तशी मी फटकळ आहे. कुणाच्या आमटीत मीठ कमी पडलं तर ताटावरच सांगून मोकळी होते. माझं कामही टेस्टिंगचं — दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि कुणाची चूक ते नावानिशी कळवायचं. वर्षानुवर्षं त्याचाच पगार घेतेय. पण हे एवढं एक घशापर्यंत येतं आणि परत जातं. तुम्ही समोर बसून ऐकताय, मध्ये बोलत नाही आहात, असं धरून चालते.

पोपट आपल्याकडचाच हो. कुडाळला माझ्या माहेरी परसातले पेरू अर्धे खाऊन पळायचे, तेच. तिकडे त्यांना पिंजऱ्यात ठेवायला बंदी, आणि इकडे अमेरिकेत, रेडमंडला, लोक त्यांना इंडियन रिंगनेक म्हणतात आणि हौसेने पाळतात. ईशानीला, माझ्या मुलीला, खरं तर कुत्रा हवा होता. ती तेव्हा पाचवीत होती. मंदारला, माझ्या नवऱ्याला, कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, म्हणून मग पक्ष्यावर तडजोड झाली. शेरिल नावाची एक बाई बहिणीजवळ राहायला ॲरिझोनाला निघाली होती, तिला तिच्या पोपटासाठी घर हवं होतं. आम्ही नुसते बघायला म्हणून गेलो आणि पिंजरा मागच्या सीटवर बांधून परत आलो. हिरवागार होता, म्हणून ईशानीने गाडीतच त्याचं नाव पिकल ठेवलं.

निघण्याआधी शेरिलने आम्हाला सोफ्यावर बसवून बजावलं होतं. अ‍ॅव्होकाडो द्यायचा नाही. मेणबत्त्या, उदबत्त्या, कसलाच धूर नको, पक्ष्यांची छाती नाजूक असते. आणि नॉनस्टिकचं एकही भांडं घरात ठेवायचं नाही. ते रिकामं जास्त तापलं की त्यातून वाफ सुटते, माणसाला फार तर जरा वेगळा वास येतो, पण पोपट बघता बघता जातो. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, कारण स्वयंपाक मीच करत असणार हे तिने ताडलं होतं. मी मान डोलावली. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी मंदारने सगळी नॉनस्टिक भांडी खोक्यात भरली आणि देऊन टाकली. सगळी? एक सोडून. घावनाचा तवा मी आधीच काढून ठेवला होता. ओव्हनच्या खाली जो खण असतो ना, त्यात अगदी मागे, मोठ्या परातीच्या आड.

तुम्ही म्हणाल, एका तव्यासाठी? हो, एका तव्यासाठी. आमच्या काचेच्या शेगडीवर बिडाचा तवा मध्ये तापतो आणि कडेला गार राहतो. स्टीलच्या तव्यावर घावन चिकटतात, उलथन्याने खरवडून काढावे लागतात. आणि माझे घावन म्हणजे — आता काय लपवायचं — इथल्या आमच्या चार घरांत माझे घावन म्हणजे माझं नाव होतं. पातळ, जाळीदार, रुमालासारखे घडी घालून ठेवावेत असे. मी नोकरीत कधी फार चमकले नाही, गाणं येत नाही, ड्रायव्हिंगसुद्धा बेताचं. घावन येतात. ते सोडायचे माझ्या जिवावर आलं.

मी काळजी घ्यायचे. तवा काढायचा तो मंदार घरात नसताना. पिंजरा वर ईशानीच्या खोलीत, दार लावलेलं, खिडकी उघडी, आच मध्यम. काही व्हायचं नाही. काही होत नाही म्हटल्यावर माणूस धीट होतो. मंदार घरी येऊन घावन खायचा आणि म्हणायचा, "स्टीलच्या तव्यावर अशी जाळी, कमाल आहे यार तुझी." मैत्रिणी युक्ती विचारायच्या. हाताला सवय हवी, असं मी तोंड वर करून सांगायचे. ते कौतुक मी खुशाल घेत होते. पहिलं खोटं ते होतं. फारच किरकोळ वाटायचं तेव्हा.

मग सासरे गेले आणि आई आमच्याकडे राहायला आल्या. सासूबाईंना मी आईच म्हणते. कायमच्या राहायला आल्या होत्या, मंदारने त्यांचं ग्रीन कार्डही करून घेतलं होतं. पण सांगलीत दिवसभर दारात चार बायका, भाजीवाला, देऊळ, आणि इथे? मंदार ऑफिसात, ईशानी शाळेत, मी खालच्या छोट्या खोलीत कानाला हेडसेट लावून. बाहेर पाऊस. आमच्याकडचा पाऊस कोसळत नाही, नुसता ठिबकत राहतो, आठवडेच्या आठवडे. आई खिडकीशी बसायच्या. ईशानी घरी आली की त्या तिला मराठीत काहीतरी विचारायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघी हसून गप्प व्हायच्या. माझं काळीज तुटायचं, पण मीटिंग असायची.

अशात त्यांना तो सापडला. पिकल म्हणजे लोणचं, एवढं त्यांनी ईशानीकडून समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला लोणचोबा म्हणायला लागल्या. अहो लोणचोबा. त्याला त्या अहो-जाहो करायच्या. सकाळी चहाचा कप घेऊन पिंजऱ्याशी बसायच्या आणि सांगलीच्या साऱ्या बातम्या त्याला सांगायच्या. तो मान तिरकी करून, डोळ्यांतली बुबुळं लहान-मोठी करत ऐकायचा. आमच्यापैकी कुणी त्यांचं इतकं ऐकलं नव्हतं. त्याला मिरची आवडते हे त्यांनीच शोधून काढलं. हिरवी मिरची एका पायात धरून तो कडेकडेने सोलायचा, बिया खायचा आणि सालं खाली टाकायचा. "बघ कसा जेवतो, एक तिखट घास आणि पसारा घरभर," असं म्हणत त्या कौतुकाने सालं गोळा करायच्या.

तो अंगाला हात लावू देणाऱ्यांतला नव्हता. ही जातच तशी, कुरवाळून घेत नाही. पण आईंच्या खांद्यावर बसून त्यांच्या स्वेटरचं बटण तासन् तास चावायचा. आणि बोलायचा. आधी तो मायक्रोवेव्हची शिटी काढायचा आणि माझ्या आवाजात "कॅन यू सी माय स्क्रीन" म्हणायचा, तेवढंच. आई आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो "चहा झाला?" म्हणायला लागला. हुबेहूब आईंच्या आवाजात, शेवटी तसाच हेल काढून. मी मीटिंगमध्ये असले की बाहेरून यायचं, चहा झाला? माझा मॅनेजर हसायचा.

त्याच्या गळ्याभोवती काळी रेघ उमटली ती आई असतानाच. शेरिलकडून आणला तेव्हा लहान होता, मान साधी हिरवी होती. नर मोठा झाला की त्याला ती येते. आईंनी ती पहिल्यांदा पाहिली आणि ईशानीला हाक मारून दाखवली, "यांच्यात मंगळसूत्र नवऱ्याने घालायचं असतं बरं का." ईशानीला विनोद कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ती इतकी हसली की जमिनीवर बसली. मग तिने गुगल न करता आजीला विचारलं, मंगळसूत्र म्हणजे एक्झॅक्टली काय. तिथून दोघींचं सुरू झालं. लोणचोबा इंग्रजीला दाद द्यायचा नाही, म्हणून ईशानी त्याच्याशी मराठीत बोलायला लागली, आणि त्याच्याशी बोलता बोलता आजीशी. आम्ही दोघांनी रविवारच्या मराठी शाळेत घालून जे झालं नव्हतं, ते एका पक्ष्याने केलं. त्या वर्षात आमचं घर फार छान होतं. मला ते तेव्हाही कळत होतं, नंतर कळलं असं नाही.

आईंचा गुरुवार असायचा. दत्ताचा वार, संध्याकाळी धूप घालायची त्यांची आयुष्यभराची रीत. इथे आल्यावर मी त्यांना सांगितलं होतं की पक्ष्याला धूर चालत नाही. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. रोजची उदबत्ती बंद केली. गुरुवारचा धूप तेवढा ठेवला, तोही वरच्या त्यांच्या खोलीत, चिमूटभर, दार लावून, आणि दाराखालच्या फटीत टॉवेल दाबून. लोणचोबा खाली. धूप पूर्ण विझून खिडकीतून वास गेल्याशिवाय त्या दार उघडायच्या नाहीत. इतकी काळजी मी तव्याच्या बाबतीत घेत होते का? मघाशी मी घेत होते म्हणाले. आता दोन्ही शेजारी ठेवून बघते तर वाटतं, नव्हते.

बघा, तुमच्या लक्षात आलं असेल. धूप वर, तेव्हा तो खाली. तवा खाली, तेव्हा तो वर. दोन्ही एकाच दिवशी आलं तर त्याने जायचं कुठे?

ईशानीच्या शाळेत इंटरनॅशनल नाइट होती. प्रत्येक घरानं आपल्याकडचा एक पदार्थ न्यायचा. मी आधीच सांगून बसले होते, घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. तो दिवस गुरुवार होता. संध्याकाळी सगळ्यांनाच शाळेत जायचं होतं म्हणून आईंनी धूप दुपारीच घालायचा ठरवला, माझ्याच सोयीसाठी. त्या वर गेल्या. मी मीटिंगच्या मधल्या वेळात पीठ सरबरीत करून शेगडीशी उभी राहिले. स्टीलचा तवाच घेतला होता, खरंच. पहिला घावन फाटला. दुसऱ्याचा लगदा झाला. शाळेत दुसऱ्याही मराठी आया येणार होत्या. मी मागे वळून पाहिलं, पिंजरा नेहमीच्या जागी, डायनिंग टेबलापाशी. तो मिरची सोलत होता. पाऊस, खिडक्या बंद, हीटर चालू, जमिनीतल्या जाळ्यांतून, म्हणजे व्हेंटमधून, घरभर गरम हवा. एक दिवस काय होतंय, असं मनात म्हटलं आणि मी खाली वाकून खण उघडला.

घावनाला तवा कडकडीत लागतो. पाण्याचे थेंब टाकले की नाचले पाहिजेत, तरच जाळी पडते. हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत आहे, बिडाच्या तव्यावर शिकलेला हात आहे तो. मी आच पूर्ण वाढवली आणि तवा रिकामा तापत ठेवला. तेवढ्यात हेडसेटमधून हाक आली. माझ्याकडून तपासताना एक चूक सुटली होती, ती बाहेर जाऊन लोकांना दिसली होती, आणि माझा खुलासा हवा होता. मी खोलीत गेले, दार लावलं, बसले. ती चूक माझी कशी नाही, हे मी मोठ्या हुशारीने पटवून देत होते. तव्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

आठवण झाली ती शांततेमुळे. मीटिंग संपली तरी बाहेरून कुणी चहाचं विचारलं नाही.

स्वयंपाकघरात धूर असा नव्हताच. जरासा जळकट, औषधी वास होता. लोणचोबा पिंजऱ्याच्या तळाशी उतरला होता, पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी, शेपटी श्वासाबरोबर वर-खाली होत होती. जिवंत होता. माझ्याकडे बघत होता. आणि मी — दर वेळी मी इथेच अडकते — मी आधी तवा उचलला.

हे मला तुम्हाला सांगायचं होतं. तवा चुकून तापला, तो अपघात. तवा लपवून ठेवला होता, तो हट्ट. पण तो माझ्याकडे बघत असताना मी आधी तवा उचलला. फडक्यात धरून मागच्या दाराबाहेरच्या डेकवर नेला आणि बार्बेक्यूच्या शेगडीच्या झाकणाखाली ठेवला. खिडक्या उघडल्या. शेगडीवर स्टीलचा तवा परत मांडला, जागच्या जागी. एवढं सगळं केलं, नीट, एकेक करून केलं. मग पिंजऱ्याचं दार उघडलं. डेकवर जाताना एका हातात तवा, दुसऱ्या हातात तो, असं झालं नसतं का? मोकळी हवा तर दारातच होती. तो वाचला असता का, मला माहीत नाही. कुणा डॉक्टरला विचारता येईल असं मी काही शिल्लकच ठेवलं नाही.

खिडक्यांच्या आवाजाने आई खाली आल्या. त्यांनी माझ्या हातातून त्याला घेतलं आणि पदरात धरलं. "अहो लोणचोबा," म्हणाल्या, "अहो, असं काय करता." तो त्यांच्या पदरातच गेला. त्यांच्या साडीला धुपाचा वास येत होता.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर करून विचारलं, "माझ्या धुपाने का गं, वृंदा?"

नुसतं मूग गिळून बसले असते तरी आज थोडं हलकं वाटलं असतं मला. पण त्या पुन्हा म्हणाल्या, "टॉवेल लावला होता गं मी दाराखाली. दोनदा दाबून बघितला." त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की नाही आई, तुमच्या धुपाने नाही. मी त्यांच्या खोलीच्या दिशेने वर, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हेंटमधून जातो, आई. सगळ्या खोल्यांचे व्हेंट आतून जोडलेले असतात." अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाले.

मंदार त्या दिवशी लवकर आला, त्याने विचारलं, खिडक्या का उघड्या? मी म्हणाले, आईंनी धूप घातला होता. तेवढं एकच वाक्य, आणि ते वाक्य खरं होतं. तो आईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग ईशानी शाळेतून आली. रागावली की ती इंग्रजीत रागावते, आजही. पण त्या दिवशी ती आजीसमोर उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "आजी, तू धूप का लावलास?" शुद्ध, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. लोणचोबामुळेच आलेलं ते मराठी. आईंनी पदर तिच्यापुढे केला, तो अजून त्यातच होता.

मागच्या अंगणात मॅपलखाली मंदारने पावसात खड्डा खणला. आईंनी त्याच्याबरोबर एक हिरवी मिरची ठेवली. रात्री शाळेत आम्ही गेलो नाही. तो तवा दुसऱ्या दिवशी मी पेट्रोल पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर वर्तमानपत्र पसरलं. मला बघणारं तिथे कुणी नव्हतं, तरी पसरलं.

पुढचं ऐका. आईंनी धूप बंद केला, ते तर झालंच. घरात आता पक्षी नाही, उदबत्ती तरी लावा, असं मंदार म्हणाला, तर नको म्हणाल्या. मग निरांजनही सोडलं. दुकानातून बॅटरीचा दिवा आणायला लावला. देवाला काय, उजेड दिसला म्हणजे झालं, असं म्हणायच्या. एकदा त्यांच्या खोलीत चादरी बदलायला गेले तर खोली गारठलेली. जमिनीतल्या व्हेंटवर त्यांनी खोक्याचा पुठ्ठा ठेवला होता आणि कडेने जुन्या साडीचे बोळे कोंबले होते, पक्के. खोलीत धूर नाही, उदबत्ती नाही, काही नाही, तरी कोंबले होते. त्या स्वेटर घालून, दोन पांघरुणं घेऊन झोपायच्या. गरम हवा त्यांच्या खोलीत येत नव्हती. मी उभी राहून ते बघितलं. काढते म्हणाले असते तर का काढते ते सांगावं लागलं असतं. मी चादर बदलली आणि खाली आले.

ईशानीने त्यांना फार दिवस दूर ठेवलं नाही. एके दिवशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "इट्स ओके, आजी. तुला माहीत नव्हतं." सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही. मी मग सगळ्यांना गरम वरणभात वाढला. माझ्या मुलीचं मन किती मोठं आहे, असं आमच्या चार घरांत मी कौतुकाने सांगितलं. हो, सांगितलं मी.

का बोलले नाही? सुरुवातीला घाबरले होते म्हणू शकते. मंदार ओरडणाऱ्यांतला नाही. ईशानी रडली असती, चार दिवस बोलली नसती. एवढंच होणार होतं. पण त्या दिवशी आईंकडे बघून माझ्या मनात एक हिशेब झाला, तो सांगते. म्हाताऱ्या माणसाला सगळे माफ करतील, मला करणार नाहीत. हा विचार मी शब्दांत केला होता, नीट, मराठीत. सारं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं, आणि त्यांनी ते डोक्यावर घेऊन घरभर जपून पावलं टाकली.

तो हिवाळा संपला आणि आई सांगलीला परत गेल्या. गुडघे, थंडी, असं काय काय कारण सांगितलं. थोडे दिवस म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. मंदार दर वर्षी तिकीट काढायचं म्हणतो, त्या दर वर्षी नको म्हणतात. नणंद सांगते, आई तिच्याही घरात उदबत्ती लावू देत नाही. ईशानी आता बारावीत आहे, जूनमध्ये तिचं ग्रॅज्युएशन. तिने स्वतः फोन करून आजीला बोलावलं, मराठीत, आर्जवं करून. आजी तिला म्हणाली, "नको गं बाळा. तुझ्या चांगल्या दिवशी माझ्या हातून काही व्हायला नको."

मी त्या वेळी तिथेच सिंकपाशी होते. फोन स्पीकरवर होता. माझ्या एका वाक्याने त्या पुढच्या विमानात बसल्या असत्या. मी नळ सोडला आणि भांडी विसळत राहिले.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल होता. मंदार आणि ईशानी बोलून उठले, मी राहिले. आई मला त्यांची गॅलरी दाखवत होत्या. कठड्यावर त्या मिरच्या ठेवतात आणि सकाळी रानातले पोपट येतात, दोघं-तिघं, काळ्या रेघेचे. तुझ्या लोणचोबाचे भाऊबंद आलेत बघ, म्हणाल्या. खूप खूश होत्या. मग फोन स्वतःकडे वळवला आणि जरा आवाज खाली करून म्हणाल्या, "वृंदा, एक विचारू? पोरीने माफ केलं मला. मंदारने केलं. तू कधी काही बोलली नाहीस. तुझ्या मनात काही नाही ना गं अजून?"

त्यांचा चेहरा फोनच्या अगदी जवळ होता. चष्म्यात मी दिसत होते, लहानशी. घरात माझ्याजवळ कुणी नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

"नाही आई," मी म्हणाले. "मी केव्हाच माफ केलं तुम्हाला."

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, आता बरं वाटलं गं, आता बरं वाटलं.